लिहून द्या

माझ्या आईला सही करता येते, वाचायला अडखळत येतं. वडील गेल्यावर गावच्या अडीच एकरावर वारसांची नावं लावायची होती. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारसांनी कळवावं, असं महसूल कायदा सांगतो. आम्ही दीड महिन्यातच तलाठ्याकडं कागद घेऊन हजर झालो. पहिल्या खेपेला कळलं, मृत्यू दाखल्याची झेरॉक्स चालत नाही, मूळ प्रत दाखवा. दुसऱ्या खेपेला प्रतिज्ञापत्र हवं झालं. तिसऱ्या खेपेला दोघी बहिणींची नावं अडली. आधार कार्डावर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. "त्याचं काहीतरी करून आणा" एवढंच सांगितलं गेलं. काहीतरी म्हणजे काय, ते आम्ही एकमेकांनाच विचारत बाहेर आलो. चौथ्या खेपेला सर्व्हर डाऊन होता.

पाचव्या खेपेला टेबलापलीकडून आणखी एका कागदाचं नाव आलं, तेव्हा आई म्हणाली, "भाऊसाहेब, काय काय पायजे ते एकदा लिवून द्या की. म्हंजी मी सगळं एकदमच घेऊन येतो."

तिच्या आवाजात राग नव्हता. दुकानात यादी घेऊन जावं इतक्या साधेपणानं ती बोलली. भाऊसाहेबांनी मान वर केली, क्षणभर तिच्याकडं पाहिलं, एक पाठकोरा कागद ओढला आणि बॉलपेनानं चार ओळी लिहिल्या. सही केली नाही. तारीख घालता का, असं मी विचारलं, तर तारीख घातली. आईनं तो कागद चौपदरी घडी करून रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. आठ दिवसांनी आम्ही ते चार कागद नेले. नोंद धरली गेली, पंधरा दिवसांची नोटीस लागली, कुणाची हरकत आली नाही, सर्कलसाहेबांनी, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांनी, नोंद मंजूर केली आणि सातबाऱ्यावर नावं चढली. कुणी एक रुपया मागितला नाही. कुणाचा फोन लावावा लागला नाही. त्या माणसाबद्दल आई आजही म्हणते, "बरा माणूस हुता."

हे सगळं लिहायचं कारण असं की, "लोकांचा सरकारी कामावर विश्वास राहिलेला नाही" हे वाक्य आता इतक्या सहज बोललं जातं की त्यातून काहीच कळेनासं झालंय. विश्वास नेमका कुठं तुटतो, ते कुणी बोट ठेवून दाखवत नाही. भ्रष्टाचार, उद्धटपणा, आळस ही नेहमीची उत्तरं. आमच्या वारस नोंदीत यातलं काहीही नव्हतं. तरीही चौथ्या खेपेनंतर घरी परतताना मी आईला म्हणालो होतो, "कुणाला तरी गाठायला पायजे, त्याशिवाय हे हुईत नाही." वीस वर्षं गावच्या दूध संस्थेत हिशेब लिहिलेला मी माणूस. नियमानं काम करण्यावर माझा जीव. चार तोंडी उत्तरांनी मला वशिल्याच्या वाटेवर आणून उभं केलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. सरकारी कामावरचा विश्वास सगळ्यात आधी तुटतो तो तोंडी उत्तरानं, आणि तो सांधायचा असेल तर सुरुवात कागदापासून करावी लागेल. त्या कागदावर तारीख, नाव आणि कारण हवं.

कोल्हापूरकरांचा सरकारवर मुळीच विश्वास नाही, हे तर मला पटतच नाही. जुलै-ऑगस्टात इथं कुठल्याही घरात जाऊन बघा. पंचगंगा वाढायला लागली की सगळं शहर एका आकड्याकडं डोळे लावून बसतं. राजाराम बंधाऱ्याची पातळी. एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. किती फूट, किती इंच, किती बंधारे पाण्याखाली, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, हे सगळं प्रशासनाकडून येतं आणि मिनिटाभरात गल्लीतल्या प्रत्येक मोबाईलवर पोचतं. त्या आकड्यावर माणसं घर रिकामं करायचा निर्णय घेतात. म्हातारी माणसं, जनावरं, धान्याची पोती हलवतात. 2019 च्या ऑगस्टात पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, शहराची बेटं झाली, त्या रात्रींतही अफवा उठली की कुणीतरी विचारायचंच, "बंधाऱ्याचा आकडा काय?" आणि आकडा आला की अफवा बसायची.

सरकारी खात्यानं दिलेल्या आकड्यावर इतकी माणसं संसार उचलून चालायला लागतात, याला विश्वास नाही तर दुसरं काय म्हणायचं? आणि तो का आहे, याचंही उत्तर सरळ आहे. आकडा नेमका असतो. त्याला वेळ असते. थोड्या वेळानं पुन्हा नवा आकडा येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो ताडून बघता येतो. पाणी गंगावेशीत जामदार क्लबपर्यंत आलं का, हे चालत जाऊन बघता येतं, आणि आकडा व पाणी एकमेकांशी जुळतात हे वर्षानुवर्षं लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे हे तर इथल्या लोकांच्या श्रद्धेचाच विषय. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो, एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी जातं. तिथं कुणाची मर्जी चालत नाही, फोन चालत नाही. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या या धरणाचं बांधकाम लोकांना भावतंच, पण मला वाटतं त्याहून जास्त भावतो तो हा नियम.

याच प्रशासनानं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं मागं तुंबणाऱ्या पाण्याबद्दल, त्या फुगवट्याबद्दल, काही सांगितलं की मात्र चहाच्या टपरीवर भांडण लागतं. कारण तिथला हिशेब सामान्य माणसाला ताडून बघता येत नाही. म्हणजे लोक काही आंधळेपणानं विश्वास ठेवत नाहीत आणि आंधळेपणानं नाकारतही नाहीत. ज्याचा ताळा घेता येतो, ते मानतात.

दूध संस्थेत मी हे रोज बघत होतो. सकाळी सहाला किटली घेऊन आलेल्या बाईच्या समोर दूध मोजलं जातं, फॅट बघितली जाते आणि तिच्या हातात चिठ्ठी पडते. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. दहा दिवसांनी बिल. गोकुळ दूध संघ 1963 साली उभा राहिला, त्याला आता साठ वर्षं उलटून गेली. या जिल्ह्यात दुधाच्या पैशावर किती पोरींची लग्नं आणि किती पोरांची शिक्षणं झाली याची मोजदाद नाही. हा सगळा डोलारा त्या बोटभर चिठ्ठीवर उभा आहे. चिठ्ठी आहे म्हणून भांडणं होत नाहीत, असं मुळीच नाही. उलट रोज होतात. "काल सात लागलीती, आज सहा चार कशी?" म्हणून बाई कालची चिठ्ठी टेबलावर आपटते. मला ती आपटलेली चिठ्ठी कधी अपमानाची वाटली नाही. बाईला भांडता येतं, कारण तिच्या हातात काल आहे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच संस्थेत दूध घालते. भांडून परत येता येणं, ह्यालाच तर आपण विश्वास म्हणतो.

ऊसवाल्याचं मात्र तसं नाही, हेही सांगायला हवं. पावती त्यालाही मिळते. तरी काटामारीचा संशय जिल्ह्यातून गेला नाही, कारण वजन होतं लांब, कारखान्यावर, गाडी त्याच्या शिवारातून निघून गेल्यावर. तेव्हा नुसता कागद पुरत नाही, ही गोष्ट मी मान्य करतो. कागदावर लिहिलेलं डोळ्यांदेखत घडलेलं असायला हवं.

आता सरकारी कचेरीत काय होतं ते आठवा. माणूस अर्ज घेऊन जातो. "ठेवून जावा." पोच मागितली तर, "आमच्यावर विश्वास न्हाई काय?" पंधरा दिवसांनी गेला तर, "फाईल वर गेलीय." महिन्यानं गेला तर, "त्रुटीत निघालीय." कसली त्रुटी? "साहेब आले की विचारा." साहेब मीटिंगला गेलेले असतात. यातलं एकही वाक्य कुठं लिहिलेलं नसतं. उद्या तोच माणूस बदलून गेला तर नवा म्हणतो, "तुम्ही आलाच न्हाई आमच्याकडं." आणि अर्जदाराकडं सांगायला काही नसतं. त्याच्या पाच खेपा हवेत विरून गेलेल्या असतात. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आपण किती पिढ्या बोलतोय. सहा महिने थांबायला माणूस तयार असतो हो. एस.टी. स्टँडवर दोन तास थांबतोच की. पण गाडी कधी येणार, येणार की रद्द झालीय, हे खिडकीतला माणूस सांगतो. सहा महिने की सहा वर्षं हे न कळता थांबायला लागलं की थांबणाऱ्याची खात्री आतून पोखरत जाते.

एजंट याच भेगेतून उगवतो. कचेरीबाहेर, टायपिंगच्या टेबलाशी, चहाच्या गाड्याशी तो उभा असतो, आणि आपण त्याला शिव्या घालतो. पण तो नेमकं काय विकतो ते बघा. अर्ज तर कुणालाही भरता येतो. तो विकतो तारीख. "बुधवारी या, दाखला घेऊन जावा." कचेरीनं जे फुकट द्यायला हवं होतं, त्याचे तो पाचशे रुपये घेतो. लाच मागणाऱ्याला धरायला 1064 हा नंबर आहे आणि तो जरूर वापरावा. पण तारीख विकणाऱ्याला धरून काही उपयोग नाही, कचेरीनंच तारीख द्यायला लागल्याशिवाय त्याचं दुकान उठणार नाही.

कायदा नाही म्हणून हे घडतं असंही नाही, आणि मला खरं दुःख याचंच आहे. 2005 चा बदल्यांचा आणि दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो की साधारणपणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडं सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 सालचा. अधिसूचित सेवेसाठी अर्ज केला की पोच मिळाली पाहिजे, मुदतीत सेवा मिळाली पाहिजे, नाकारायची असेल तर कारणं लेखी दिली पाहिजेत. मुदतीत काम झालं नाही किंवा नाकारलं गेलं तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग लोकसेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड. कुठली सेवा किती दिवसांत, कुणाकडून, याचा फलक कचेरीत लावणं बंधनकारक. फलक बऱ्याच ठिकाणी आहेतही. पण हे सगळं अपील, हा सगळा दंड ज्या एका खिळ्यावर टांगलाय तो खिळा म्हणजे पोच. पोच नसेल तर मुदत कुठल्या दिवसापासून मोजणार? अपिलाला जोडणार काय? "ठेवून जावा" या दोन शब्दांत अख्खा कायदा बाजूला सरकवता येतो, आणि सरकवणाऱ्यानं काही गुन्हा केला असंही दिसत नाही.

ऑनलाइन झालं की हा प्रश्न सुटेल असं सांगितलं गेलं, आणि काही बाबतीत तो खरोखर सुटला. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो. एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात किती माणसांनी किती दिवस घालवले, हे ज्यानं पाहिलंय त्याला ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळेल. मी सरकारचे मनापासून आभार मानतो. पण जिथं माणसाला निर्णय घ्यायचा असतो, तिथं संगणकानं तोंडी उत्तराला नवा शब्द तेवढा दिला. "प्रलंबित." का प्रलंबित, कुणाकडं, कधीपर्यंत? पडदा काही बोलत नाही. मग पुन्हा माणूस कचेरीत जातो आणि त्याला सांगितलं जातं, "ऑनलाइन बघा." तिकडं बघावं तर "प्रलंबित".

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी ऐकलेलं आहे आणि ते खोटं नाही. माझा एक मित्र महसूल खात्यात आयुष्य घालवून निवृत्त झाला. तो म्हणतो, "एकेकाकडं चार-चार गावं. त्यात निवडणूक, पूर आला की पंचनामे, पीक पाहणी, वरनं येणाऱ्या याद्या. आणि तू म्हणतोस लिहून द्या. अरे, लिहिलं की माणूस अडकतो. तोंडी सांगितलेलं नाकारता येतं, लिहिलेलं दहा वर्षांनी चौकशीत समोर येतं." त्याच्या या बोलण्यानं मी बराच वेळ गप्प झालो होतो. भीती खरी आहे. प्रामाणिकपणे, त्या दिवशी समोर असलेल्या कागदांवरून लिहून देणाऱ्याला पुढं त्याच लिहिण्यापायी छळलं जात असेल, तर कुणीच लिहिणार नाही. त्याला वरिष्ठांनी पाठीशी घालायला हवं, आणि एका माणसावर चार गावं टाकून त्याच्याकडून मुदत मागणं हा अन्यायच आहे. रिकाम्या जागा भरायलाच हव्यात. पण मित्राचं वाक्य उलटून बघितलं तर त्यातच सगळं सापडतं. तोंडी सांगितलेलं नाकारता येतं. कर्मचाऱ्याला त्यातून मिळणारं संरक्षण अर्जदाराच्या खिशातून जातं. दोघांतला जो कमजोर, त्याच्या अंगावर अनिश्चिततेचं ओझं टाकून कचेरी चालते.

वेळ लागतो, हे कारण तर मला अजिबात पटत नाही. आईच्या त्या चार ओळी लिहायला दोन मिनिटं लागली असतील. त्याआधीच्या चार खेपांत भाऊसाहेबांचाही वेळ गेलाच होता.

हे लिहिताना मला शाहू महाराज आठवतात. कोल्हापुरात कुठल्याही विषयावर त्यांचं नाव घेण्याची पद्धत आहे, तशा अर्थानं मी ते घेत नाही. त्यांनी 1917 साली सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केलं, आणि 1918 साली कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. या दोन गोष्टी आपण शाळेत वेगवेगळ्या धड्यांत शिकलो. मला त्या एकमेकींना लागून असलेल्या वाटतात. गावाचं दप्तर वतनानं एका घरात होतं. जमीन कुणाची, सारा किती, बाकी किती, हे सगळं ज्याला लिहिता येत होतं त्याच्या कागदात, आणि ज्याची जमीन त्याला वाचता येत नव्हतं. दप्तर पगारी नोकराकडं द्यायचं आणि शेतकऱ्याच्या पोराला वाचायला शिकवायचं, या दोन्ही बाजूंनी महाराजांनी तो कागद उघडा केला, असं मी समजतो. त्या तलाठ्याचं पदनाम 2024 मध्ये ग्राम महसूल अधिकारी झालं. नाव बदललं, ठीक आहे. पण महाराजांनी ज्याला पगार दिला तो कागद लोकांपुढं ठेवायला, ही त्या पदाची मुळातली कल्पना आजच्या टेबलावर किती उरलीय, हे नव्या नावाच्या पाटीखाली बसणाऱ्या प्रत्येकानं स्वतःला विचारावं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या शहरानं ज्या लढाया केल्या त्यातही मला हेच सूत्र दिसतं. शहरातल्या रस्त्यांवर लावलेल्या टोलविरुद्धचं आंदोलन आठवा. एन. डी. पाटील सरांसारखा वयोवृद्ध माणूस रस्त्यावर उतरला, अख्खं शहर त्यांच्यामागं गेलं, आणि 2015 च्या अखेरीस सरकारला टोल रद्द केल्याचं जाहीर करावं लागलं. बाहेरच्यांना वाटलं, कोल्हापूरकरांना पैसे द्यायचे नाहीत. पण आंदोलनातली मागणी काय होती? रस्त्यांच्या कामाचं मूल्यांकन करा. किती काम झालं, किती राहिलं, किती खर्च झाला, मोजा आणि आमच्यापुढं ठेवा. लोक ताळा मागत होते. थेट पाइपलाइनचंही तसंच. काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात येणार, येणार, अशा तारखा भाषणांतून इतकी वर्षं ऐकल्या की 2023 च्या दिवाळीत पाणी खरंच पोचलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका नळ सोडून बघत होत्या, बातमीवर त्यांचा विश्वास बसत नव्हता. केलेल्या कामाचं श्रेयसुद्धा तोंडी तारखा खाऊन टाकतात.

आणि महापालिकेत 2020 च्या नोव्हेंबरात सभागृहाची मुदत संपल्यावर पुढची पाच वर्षं नगरसेवकच नव्हते. एरवी गटार तुंबलं, दाखला अडला की नगरसेवकाला फोन जायचा. तो फोन बंद झाला तेव्हा कळलं की आपल्याला दुसरी वाट माहीतच नाही. इथं दोष आपलाही आहे आणि मी तो झाकणार नाही. वशिल्याच्या चिठ्ठीनं झालेलं काम आपल्याला जास्त गोड लागतं. "साहेबांनी माझ्यासाठी फोन केला" हे आपण चार लोकांत सांगतो. हक्काच्या पेन्शनसाठी नेत्याचे आभार मानणारे डिजिटल फलक आपल्याच चौकात लागतात. पंचनाम्यात भिंत जास्त पडलेली दाखवायला आपणच सांगतो, आणि खरी पडलेल्या शेजाऱ्याचं नाव मग यादीत मागं राहतं. कागद खरा असावा असं म्हणायचं तर तो आपल्या बाजूनंही खरा असायला लागतो.

कागदाची शिस्त जिथं मुरलेली आहे तिथं गर्दी असूनही माणसं टिकून राहतात. सीपीआरला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, सकाळी जा. पन्हाळ्याच्या, शाहूवाडीच्या, कोकणातून आलेल्या माणसांच्या रांगा असतात, बसायला जागा नसते, पण प्रत्येकाच्या हातात केसपेपर असतो. कुणी तपासलं, काय सांगितलं, पुढं कधी यायचं, ते त्यावर लिहिलेलं असतं. माणूस तो कागद छातीशी धरून बसतो. कोर्टाचंही तेच. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची वारी वाचली. कोर्टाला उशीर लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि लोकांनी चाळीसेक वर्षं आंदोलन केलं. कोर्टात पुढची तारीख लिहून मिळते, आजच्या दिवशी काय झालं ते रोजनाम्यात उतरतं, अर्ज फेटाळला तरी का फेटाळला ते आदेशात असतं. हरलेल्या माणसालाही वरच्या कोर्टात जायला कागद मिळतो.

म्हणून माझी मागणी फार छोटी आहे. नवं ॲप नको, नवी योजना नको, कर्मचाऱ्यांना गोड बोलण्याचं प्रशिक्षणही तूर्त नको. प्रत्येक खिडकीवर एक छापील पान ठेवा. अर्ज घेतला, आवक क्रमांक अमुक, आजची तारीख, मुदत अमुक. कागद कमी असतील तर कुठले, ते त्याच पानावर, एकदाच, सगळे. काम होणार नसेल तर होणार नाही, कारण असं, अपील इकडं. खाली नाव आणि सही. बारनिशीत, म्हणजे कचेरीच्या आवक-जावक विभागात, हे आजही काही ठिकाणी होतं, चांगलं होतं. जिल्ह्यात बारा तालुके आहेत. एका तहसील कचेरीत, एका खिडकीवर, तीन महिने हे करून बघा. पहिले आठ दिवस त्रास होईल, मग रांगाच कमी होतील, कारण रांगेतली बरीच माणसं काल येऊन परत गेलेलीच असतात.

आणि आपल्या बाजूनं, मागायला लागूया. भांडून नव्हे. आईनं मागितलं तसं.

आमच्या शेजारच्या आक्कांचं संजय गांधी निराधारचं अनुदान चार महिने आलेलं नाही. महिन्याला दीड हजार रुपये, त्यात त्यांचं औषध, दूध आणि गॅस भागतो. बँकेत सांगतात, जमा नाही. कचेरीत सांगतात, वरनंच आलं नाही. हयातीचा दाखला दिला होता, हे त्यांना आठवतं. पण कुणाकडं दिला, ते सांगता येत नाही, कारण त्याची पोच नाही. काल संध्याकाळी त्या आमच्याकडं आल्या, तेव्हा मी अर्ज लिहिला. एकच वाक्य. माझं अनुदान कुठल्या महिन्यापासून आणि कुठल्या कारणानं थांबलं ते लेखी कळवावं. दोन प्रती काढल्या. सोमवारी आम्ही दोघं जाणार आहोत.

"दोन कशाला रं?" आक्कांनी विचारलं.

एक त्यांना ठेवायला, एक तुमच्याकडं, शिक्का मारून, असं मी सांगितलं.

"मारत्यात का शिक्का?"

"मागायचा."

त्यांनी दोन्ही कागदांवर अंगठा उठवला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि दुसरी प्रत पासबुकात ठेवताना खालचा उजवा कोपरा कोरा आहे ना, ते दिव्याजवळ धरून बघितलं.